हिवाळ्यातले परस

(साक्री येथे प्रौढ वाचन-वर्गापुढे केलेले भाषण)



आज आपण परसाविषयी बोलू. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. न्हाणीचे पाणी जिथे वाहते, कोंबड्या जिथे उकरतात, पावसाळ्यात जिथे टाकळा माजतो, ती जागा. पुष्कळ घरांत तिथे फक्त जळण आणि मोडकी खाट पडलेली असते.

दिवाळी झाली की आपल्याकडे थंडी सुरू होते. बाजरी खळ्यावर येते. शेतात हरभरा, गहू, दादर उभी राहते. घरातल्या बाईला वाटते, आता परसात काय करायचे? वेल तर वाळले. पण आम्ही सांगतो, परसाचे खरे दिवस आताच सुरू होतात. ऊन सौम्य असते. दिलेले पाणी लवकर उडून जात नाही. पावसाळ्यापेक्षा तण कमी माजते. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, वाटाणा, लसूण या साऱ्यांना थंडीच मानवते. चैत्रात हीच मेथी पेरून पाहा. हातभर होण्याआधी फुलावर येते.

म्हणून कार्तिकापासून माघापर्यंतचे हे चार महिने वाया घालवू नका.

रान सुकते तेव्हा

आपल्याच साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचे गाव आहे. त्या गावाने आपले जंगल राखले. कुऱ्हाडबंदी केली, पाणी अडवले. हे काम तीस वर्षांहून जास्त चालले आहे. त्या कामाचे पुढारी चैत्राम पवार यांना २०२५ साली सरकारने पद्मश्री दिली. त्या गावात २००४ सालापासून रानभाज्यांची स्पर्धा भरते. बाया रानातून भाज्या आणतात, रांधतात आणि पाहुण्यांना खाऊ घालतात. कोणती भाजी कशी चिरायची, कोणती दोनदा उकळायची, हे ज्ञान त्यांच्या हातात आहे.

पण रानभाजी ही पावसाची लेक. पाऊस सरला की रान सुकू लागते. पौषात रानात हिरवे पान शोधावे लागते. मग घरात काय शिजते? डाळ, बेसन, मिरचीचा ठेचा. कळण्याची भाकरी आणि ठेचा चवीला उत्तम, पण रोज तेवढेच खाऊन अंगात रक्त भरत नाही.

हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तेथील जाणती माणसे सांगतात की मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला पाव किलोच्या वर भाजी जावी. आपल्या घरात पाच माणसे धरा. मग एका दिवसाला सव्वा किलोच्या वर भाजी झाली. एवढी भाजी रोज बाजारातून कोण आणणार? त्यासाठीच परस हवे.

हिरव्या पालेभाजीत, गाजरात, पिकल्या पपईत आणि शेवग्याच्या पाल्यात डोळ्यांना लागणारा अंश असतो. त्याला अ जीवनसत्त्व म्हणतात. तो कमी पडला तर मुलांना रातांधळे येते. दिवे लागले की मूल चाचपडते, दाराला अडखळते. पालेभाजीत लोहही असते. लोह कमी पडले की बाई फिकी पडते, तिला धाप लागते, आणि बाळंतपणात तिच्या जिवावर बेतते. म्हणून पालेभाजी थोड्या तेलात करावी आणि जेवताना लिंबू पिळावे. तेलाने डोळ्यांचा अंश अंगी लागतो, लिंबाने लोह अंगी लागते. लिंबाचे एक झाड परसात असले की हा खर्चही वाचतो.

किती जागा हवी?

तुम्ही म्हणाल, आमच्यापाशी जागा कुठे आहे? एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद. त्याच्या अर्ध्या जागेतसुद्धा एका घराची पालेभाजी निघते. तेवढीही नसेल तर दाराजवळ तीन वाफे करा. वाफा तीन फूट रुंद असावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पुरतो आणि आत पाय द्यावा लागत नाही. लांबी सहा फूट पुरे.

वाफा करताना माती वीतभर खोल खणा. ढेकळे फोडा. दोन घमेली जुने शेणखत मिसळा. खत जुनेच हवे. ताज्या शेणाने रोपे जळतात आणि हुमणी लागते. उकिरड्याच्या तळचे, काळे, भुसभुशीत आणि वास न येणारे खत घ्यावे.

ज्यांना वीतभरही जागा नाही त्यांनी जुने घमेले, फुटका माठ किंवा सिमेंटची रिकामी गोणी घ्यावी. गोणी आधी स्वच्छ धुवावी. तळाला भोके पाडावीत. त्यात माती आणि खत निम्मे-निम्मे भरावे. त्यात कोथिंबीर येते, मेथी येते, लसणाची पात येते, मिरचीचे एखादे झाडही येते.

पाण्याची पाळी

आपल्याकडची मोठी अडचण पाण्याची. साक्री कान नदीवर वसली आहे. ही नदी पुढे पांझरेला मिळते. या पांझरेच्या खोऱ्यात आपल्या पूर्वजांनी फड बांधले. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या. एका फडात सर्वांचे एकच पीक. पाण्याची पाळी ठरलेली. ती पाळायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार. ही रीत तीनशे वर्षांहून जुनी. पाणी थोडे होते, पण वाटणी नीट होती, म्हणून ते पुरत होते.

परसातही तसेच करावे. घरातल्या पाण्याची वाटणी ठरवा. न्हाणीचे साबणाचे पाणी केळीला, पपईला आणि अळवाला सोडा. भांड्यांचे पाणी शेवग्याला आणि लिंबाला द्या. भाज्या धुतलेले, तांदूळ-डाळ धुतलेले पाणी वाफ्यांना घाला. जी भाजी कच्ची खातो, म्हणजे कोथिंबीर, मुळा, गाजर, कांद्याची पात, तिला न्हाणीचे पाणी कधीही देऊ नये. त्याने पोटाचे रोग होतात.

थंडीत वाफ्याला रोज पाणी लागत नाही. बोट दोन पेरे मातीत खुपसा. ओल लागली तर आज पाणी नको. वाफ्यावर वाळलेला पाला किंवा भुसा अंथरला तर ओल आणखी टिकते.

कोणत्या महिन्यात काय?

कार्तिक. दिवाळीचे फराळ संपले की वाफे खणा. पहिल्या वाफ्यात मेथी टाका. आठ दिवसांनी दुसऱ्या वाफ्यात टाका. आणखी आठ दिवसांनी तिसऱ्यात. सगळी मेथी एकाच दिवशी पेरली तर ती एकाच दिवशी तयार होते. मग आठवडाभर मेथीच मेथी, आणि पुढे महिनाभर काही नाही. पाळीने पेरली तर पाळीने मिळते. मेथी पंचवीस ते तीस दिवसांत खुडायला येते. पालक महिन्याभरात येतो. तो मुळासकट उपटू नका. बाहेरची पाने कापा, आतून नवी फुटतात.

कोथिंबिरीसाठी धने पेरताना ते चपलेखाली किंवा पाट्यावर हलके रगडून दोन फाका कराव्यात. एका धन्यात दोन बिया असतात. अख्खा धना टाकला तर उगवायला उशीर लागतो. पालकाचे बी रात्रभर भिजवावे. मुळा आणि गाजर जागेवरच पेरावे. त्यांची रोपे उपटून लावली तर मुळे वेडीवाकडी होतात.

लसणाच्या पाकळ्या वाफ्याच्या कडेने टोचा. टोक वर ठेवा. लसणाला चार महिने लागतात, पण मधल्या काळात थोडी पात खुडता येते. कुंपणाला वाल लावला असेल तर तो आता फुलावर असेल. त्याला खत द्या.

मार्गशीर्ष. हा वांग्यांचा महिना. चातुर्मासात वांगे न खाणारी घरे चंपाषष्ठीला खंडोबापुढे वांग्याचे भरीत ठेवतात आणि मग वांगे खायला सुरुवात करतात. आपल्या खानदेशात भरीत म्हणजे काय, हे सांगायला नको. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे हे वांगे त्या मातीचे आहे, हे सरकारदरबारी लिहिले गेले. परसात चार झाडे असली तरी घराला पुरतात. मात्र त्यांची रोपे श्रावण-भाद्रपदात लावलेली हवीत. यंदा राहिली असतील तर पुढच्या वर्षासाठी वहीत लिहून ठेवा.

पौष. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. भोगीच्या भाजीत वाटाणा, ओला हरभरा, गाजर, वांगे, वालाच्या शेंगा आणि तीळ पडतात. हे सारे याच दिवसांत शेतात आणि परसात तयार असते. जुन्या माणसांनी सण ठरवताना वाफ्याकडे पाहिले होते, असे आम्हाला वाटते. भोगीच्या भाजीतल्या निम्म्या वस्तू तरी घरच्या असाव्यात, एवढे ठरवा.

माघ. ऊन तापू लागते. मेथी-पालकाचा शेवटचा वाफा मोकळा करा. त्यात भेंडी, गवार टाका. गिलके आणि गंगाफळ आळे करून लावा, म्हणजे उन्हाळ्यात वेल हाती येतो. शेंगा संपल्या की शेवग्याच्या फांद्या छाटा. मोकळा सोडला तर तो उंच जातो, शेंगा हाताला लागत नाहीत आणि वाऱ्याने फांदी मोडते.

थंडीची लाट आली तर

धुळ्याकडची थंडी प्रसिद्ध आहे. काही वर्षी पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. अशा रात्री टोमॅटो, वांगी आणि पपईची कोवळी रोपे करपतात. पाने उकळत्या पाण्यात बुडवल्यासारखी काळी पडतात.

यावर उपाय साधे आहेत. आभाळ निरभ्र असेल, वारा पडला असेल आणि गारठा वाढत असेल, तर त्या संध्याकाळी वाफ्याला हलके पाणी द्या. ओली माती कोरड्या मातीपेक्षा ऊब जास्त धरते. लहान रोपांवर गोणपाट किंवा जुने लुगडे काठ्यांवर पसरा. सकाळी ऊन आले की काढून घ्या.

कीड आणि राख

मेथीवर, वालावर मावा येतो. शेंड्यावर काळे-हिरवे बारीक किडे बसतात. सुरुवातीला आले की तो शेंडा खुडून मातीत पुरा. सकाळी दव असताना चाळलेली राख भुरभुरा. वांग्याचा शेंडा मान टाकू लागला तर आत अळी आहे असे समजा. तो शेंडा कापून अळीसकट नष्ट करा. किडके वांगे झाडावर ठेवू नका.

याहून जास्त कीड झाली तर निंबोळीचा अर्क करा. पाव किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटा. रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी फडक्यातून पिळून गाळा. सारे मिळून पाच लिटर पाणी करा. त्यात चमचाभर साबणाचा चुरा घाला आणि त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा. निंबोळ्या आषाढात पडतात. त्या तेव्हाच वेचून वाळवून ठेवाव्या लागतात. लिंब दारात असतो, पैसा लागत नाही, फक्त वेळेवर आठवण लागते.

बाटलीवरचा रंग वाचा

आता एक गंभीर गोष्ट सांगतो. शेतात कपाशीवर मारायचे औषध घरात उरलेले असते. कोणी म्हणते, मारा थोडे मेथीवर. असे कधीही करू नका. मेथी आपण चार दिवसांनी खाणार. कपाशी आपण खात नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर मरण पावले. ती माणसे आपल्यासारखीच कष्टाची होती. आपण त्याला औषध म्हणतो, पण ते विष आहे.

प्रत्येक बाटलीवर शंकरपाळ्याच्या आकाराची एक खूण असते. तिच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल रंग म्हणजे सर्वांत जहाल. त्याखालोखाल पिवळा. मग निळा. मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असे मुळीच नाही. तेही विषच, फक्त जोर कमी. तुम्ही आता अक्षरे वाचता. बाटलीवर पिकाचे नाव वाचा. किती दिवस भाजी तोडायची नाही, ते वाचा. मुदतीची तारीख वाचा. रिकाम्या बाटलीत तेल किंवा पाणी भरू नका. कोणाला विषबाधा झालीच तर त्याला तडक दवाखान्यात न्या, आणि बाटलीही बरोबर न्या. डॉक्टरांना ती पाहूनच उपचार ठरवता येतो.

अक्षर शिकल्याचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर ही बाटली दाखवा.

बियांचे गाडगे

परसाची खरी ठेव बी. दर वर्षी पुडी विकत घ्यावी लागली तर हौस लवकर सरते.

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी वाल, घेवडा, भात, भाज्या यांचे गावठी बी गोळा केले, राखले आणि इतर बायांना दिले. बायफ या संस्थेने त्यांना मदत केली. आज त्यांना बीजमाता म्हणतात. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. घरामागच्या जागेतून सुरू झालेले काम देशाने पाहिले.

आपणही आपल्यापुरते करू शकतो. मेथीच्या वाफ्याचा एक कोपरा खुडू नका. त्याला शेंगा धरू द्या. धने तसेच. वालाच्या वेलावर चांगल्या शेंगा आहेत, तिथे दोरा बांधा, म्हणजे कोणी तोडणार नाही. वांगे झाडावरच पिवळे होईपर्यंत ठेवा. टोमॅटोचा गर बियांसकट वाटीत एक-दोन दिवस ठेवा, मग धुवून बी सावलीत वाळवा. सारे बी कोरडे झाले की राखेत कालवून गाडग्यात भरा. तोंड फडक्याने बांधा. वर चिठ्ठी लावा. नाव आणि वर्ष लिहा.

संकरित बी मात्र राखू नये. त्याचे पुढचे पीक एकसारखे येत नाही. कोबी-फ्लॉवरचे बी आपल्या परसात धरत नाही, ते विकत घ्यावे. पुडी घेताना तारीख आणि उगवणीचा आकडा वाचा, आणि पावती मागा. शंका असेल तर धुळ्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे विचारा.

जी घरे बाहेर जातात

दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातून, विशेषतः पश्चिमेच्या पाड्यांतून, पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. घराला कुलूप लागते, किंवा मागे फक्त म्हातारी माणसे आणि नातवंडे राहतात. त्यांना परस कसले, असे कोणी म्हणेल.

आम्ही म्हणतो, त्यांनाच परस अधिक हवे. मागे राहिलेल्या आजीच्या हाती पैसा थोडा असतो आणि बाजार लांब असतो. म्हणून निघण्यापूर्वी एक दिवस काढा. दाराजवळ तीन वाफे खणून द्या. म्हातारीला खणणे होत नाही, पण बी टाकणे, पाणी शिंपडणे, खुडणे होते. कुंपणाला वाल, न्हाणीपाशी पपई आणि कोपऱ्यात शेवगा असला तर त्यांना फारशी निगा लागत नाही. घर कुलूपबंद राहणार असेल तर शेजारणीला सांगा, परस तू कर, भाजी तू खा, बी मात्र निम्मे माझे. जमीन पडीक राहत नाही आणि बीही बुडत नाही.

जाणाऱ्यांनीही कोयत्याबरोबर मेथीची एक पुरचुंडी न्यावी. पडाव महिनाभर एका जागी राहणार असेल तर झोपडीच्या कडेला ती टाकावी. लेकराच्या ताटात हिरवे पान पडेल.

पैशाचा हिशेब

आता पाटीवर हिशेब मांडू. भाजीची जुडी दहा रुपयांची धरा. आठवड्याला चार जुड्या घरच्या निघाल्या. चार महिन्यांचे आठवडे सोळा धरा. चार गुणिले सोळा, चौसष्ट जुड्या. चौसष्ट गुणिले दहा, सहाशे चाळीस रुपये. हे फक्त पालेभाजीचे झाले. वांगी, वाल, पपई, शेवगा, लिंबू वेगळे.

हा पैसा कोणी हातात आणून देत नाही. तो वाचतो, म्हणून दिसत नाही. दिसत नाही म्हणून बाईच्या कामाला कोणी किंमत देत नाही. यासाठी वही ठेवा. एका पानावर पेरल्याची तारीख. दुसऱ्या पानावर खुडलेल्या जुड्या. महिनाअखेर बेरीज करा आणि ती घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. भाजी उरली आणि विकली, तर तो पैसा परस करणारीच्या हाती राहावा. त्यातून मुलांची वही येईल, पुढच्या हंगामाचे बी येईल.

गड्यांनाही एक सांगणे आहे. परस हे बायकांचे काम, असे म्हणून बाजेवर बसू नका. वाफा खणणे, खत वाहणे, कुंपण घालणे ही जड कामे तुमची. भरीत खाताना जसे आधी पाटावर बसता, तसे टिकाव घेतानाही आधी उठा.

मंडळी, आज घरी जाल तेव्हा परसात एक फेरी मारा. न्हाणीचे पाणी कुठे जाते ते पाहा. ऊन कुठे पडते ते पाहा. जळणाचा ढीग बाजूला सारता येतो का ते पाहा. उद्या सकाळी एक वाफा खणा. एकच पुरे. त्यात मूठभर मेथी टाका आणि वहीत तारीख लिहा. महिन्याने आपण पुन्हा जमू, तेव्हा प्रत्येकाने आपली वही आणि एक जुडी घेऊन यावे. साऱ्यांच्या मेथीची भाजी एकाच पातेल्यात करू आणि भाकरीबरोबर इथेच बसून जेवू.